६४ टाक्यांची गंमत: बहुरंगी लोकरीचे पायमोजे

दुकानात लडी उलगडली तेव्हा रंगपंचमीच आठवली. राणी, मोरपिशी, हळदी आणि मधेच गडद जांभळा. आपल्या नाशिकच्या रहाडींचं, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्यानं भरतात त्या जुन्या हौदांचं, बरं असतं, ज्या त्या रहाडीचा रंग ठरलेला. उडी मारायच्या आधीच कळतं, बाहेर कोणत्या रंगाचे येणार. या लोकरीत ती सोय नाही.

दुकान रविवार कारंजापासून चालत पाच मिनिटांवर, एका अरुंद गल्लीत. लोकर निवांत बघू देतात, लडी दाराशी उजेडात नेऊ देतात, आणि 'आठ नंबरची सुई' म्हटल्यावर 'मॅडम, मिलिमीटर सांगा' असं उलट विचारतात. तिथे पहिल्यांदाच मला खास पायमोज्यांची म्हणून विकायला ठेवलेली लोकर दिसली. १०० ग्रॅमची लडी, लांबी साधारण ४२० मीटर, ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन, किंमत ११५० रुपये. ॲक्रिलिकच्या भावात स्वेटर विणणाऱ्या बाईला हा आकडा जड जातोच. पण मोजे धाकट्या दिरांसाठी करायचे होते. त्यांची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. थंडीत पारा पाच-सहा अंशांवर आला की रात्री बागेत शेकोट्या पेटवून घड जपावे लागतात. शेकोटीची ठिणगी उडाली की ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. लोकर नुसती करपते. नायलॉन टाचेसाठी, कारण निव्वळ लोकरीची टाच गमबुटात एक हंगामही काढत नाही.

लडी खुर्चीच्या पाठीवर अडकवून गोळा केला. (पूर्वी हे काम यांच्या दोन हातांवर व्हायचं, पण मॅच चालू असली की हात खाली येतात.) पाच दुतोंडी सुया, अडीच मिलिमीटरच्या, ६४ टाके. घोट्याच्या वर चार बोटं विणून झालं आणि बघते तर नडगीवर राणी रंगाचा एक उभा पट्टा! बाकीचे रंग आजूबाजूला अंग चोरून उभे. लांबून पाहिलं तर पायाला खरचटल्यासारखं दिसत होतं.

मग टेप घेऊन बसले. अशी लोकर रंगवताना लडी पसरून तिच्यावर ठिकठिकाणी रंग देतात, त्यामुळे प्रत्येक वेढ्यात रंग त्याच क्रमानं येतात. माझ्या लडीचा वेढा दीड मीटरचा निघाला. मी विणते सैल, ६४ टाक्यांच्या एका फेरीला पाऊण मीटर लोकर खाते. म्हणजे बरोब्बर दोन फेऱ्यांत एक वेढा संपतो आणि राणी रंग पुन्हा आपल्या जागेवर हजर. सगळं उसवलं. ६० टाके घेतले तर तोच पट्टा तिरपा होऊन पायाभोवती वेलीसारखा चढायला लागला. हे मला आवडलं, पण दिरांच्या पोटरीला मोजा घट्ट झाला असता. शेवटी पुन्हा ६४ वर आले आणि एक फेरी सरळ सुलट, दुसऱ्या फेरीत दर तिसरा टाका न विणता नुसता उचलून सुईवर घ्यायचा, असं केलं. उचललेला टाका खालच्या फेरीचा रंग वर ओढतो आणि पट्टा फुटतो. जाळीची नक्षी, वेण्या वगैरे या लोकरीवर करू नका. रंगच इतका आरडाओरडा करतात की नक्षी कुणाला दिसत नाही. टाचेशी गंमत वेगळीच: तिथे निम्मेच टाके मागे-पुढे विणायचे असतात, त्यामुळे रंग अचानक रुंद पट्ट्यांत बसतात. टाच सगळ्यात देखणी झाली आहे, आणि ती गमबुटात जाणार!

आता तक्रारी. दुसऱ्या मोज्याच्या मध्यावर गाठ आली. गाठ एक वेळ चालते, पण गाठीपुढे रंगांचा क्रम उलटा होता! ११५० रुपयांत हे चालवून घेणार नाही. दुकानदाराला दाखवलं तर 'हातानं रंगवलेलं आहे, असंच असतं' म्हणाले. हातानं रंगवलेलं असणं वेगळं, उलटा धागा जोडणं वेगळं. दुसरं, लेबलवर 'रंग जात नाही' लिहिलेलं असूनही पहिल्या धुण्यात पाणी निळं झालं. थंड पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवलं, तिसऱ्या पाण्याला नितळ आलं. पांढऱ्या कपड्यांबरोबर मात्र अजून टाकत नाही. ओले झाल्यावर मोजे थोडे सैलावतात, म्हणून आडवेच वाळवायचे.

८४ ग्रॅम लागली, १६ उरली. स्पर्श मऊ, टोचत नाही, आणि दोन महिन्यांच्या वापरानंतरही टाच पातळ झालेली नाही. पाचपैकी साडेतीन गुण देते. अर्धा त्या गाठीनं खाल्ला, एक त्या निळ्या पाण्यानं. पुढच्या वेळी लडी तिथूनच घेईन, पण दारात पूर्ण उलगडून, गाठ शोधून.

जोड दिला तेव्हा दीर दोन्ही मोजे शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "वहिनी, ऊब एक नंबर आहे. पण यातला माझा कोणता आणि दुसरा कोणाचा?"