मिक्स ब्रासमध्ये बुलेटची पकड : अंडरसाइज डायचा आठ महिन्यांचा अनुभव

मी ओहायोत राहतो. महिन्यातून दोनदा यूएसपीएसएच्या (अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल नेमबाजीच्या संघटनेच्या) मॅचेस खेळतो आणि त्यासाठी ९ मिमी ल्यूगरची काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरतो. (भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो, तिकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. इथलं पाहून तिकडे कुणी प्रयोग करू नयेत.) केसेस (बुलेट जिच्या तोंडात बसते ती काडतुसाची पितळी नळी, म्हणजे ब्रास) सगळ्या रेंजवरून वेचलेल्या, बादलीत वीसेक वेगवेगळ्या कंपन्यांचे छाप.

फेब्रुवारीत एक काडतूस दोनदा पिस्तुलाच्या चेंबरमध्ये (काडतूस जिथे बसतं त्या खोबणीत) गेलं होतं, ते बाहेर काढून सहज कॅलिपरला लावलं. भरताना लांबी १.१३० इंच होती, आता १.१०५. चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, आपटून बुलेट आत सरकली होती. मला घाम फुटला. ९ मिमीच्या केसमध्ये आधीच जागा थोडी, त्यात बुलेट इतकी आत गेली की दाब झपाट्याने वाढतो. त्या बॅचची उरलेली सगळी काडतुसं मी एकेक करून पुलरने उघडली. तीन संध्याकाळी गेल्या.

पहिला उपाय मी चुकीचा केला. क्रिम्प, म्हणजे केसचं तोंड बुलेटवर आवळणं, वाढवला. पकड उलट ढिली झाली! दाबल्यावर पितळ स्प्रिंगसारखं थोडं मागे येतं, बुलेटच्या आतलं शिसं येत नाही. म्हणजे जोरात आवळलं की बुलेट बारीक होते आणि केस तिच्यापासून सुटते. टेपर क्रिम्पचं काम एवढंच, की बुलेट बसवण्यासाठी तोंड जे किंचित फाकवलेलं असतं ते सरळ करायचं.

माझे बाबा कोल्हापूरला उद्यमनगरात टर्नर होते. फोनवर त्यांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "अरे, बुश बसवताना आपण कडेला ठोकून धरतो का? पकड पुऱ्या लांबीत पाहिजे. आतला व्यास मोज." मी तोवर बाहेरूनच मोजत होतो.

खरी गोम तिथेच होती. वापरलेली केस पुन्हा मापात आणणारी सायझिंग डाय (साचा) केसला बाहेरून दाबते, आतलं माप मात्र भिंतीच्या जाडीवर ठरतं. माझ्या बादलीत भिंत कुठे १० थाउ, कुठे १२ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एका बाजूला दोन थाउचा फरक, म्हणजे व्यासात चार. बुलेट .३५५ इंचाची. जाड केस तिला घट्ट धरते, पातळ केसमध्ये ती अंगठ्याने ढकलली तरी हलते. एक्सपांडर, म्हणजे केसचं तोंड आतून रुंद करणारा दांडा, तोसुद्धा पातळ केसला काही करू शकत नाही, कारण ती आधीच त्याच्यापेक्षा रुंद असते.

म्हणून ली कंपनीची अंडरसाइज डाय घेतली. नेहमीच्या डायपेक्षा ती जराशी अरुंद असते. सोबत .३५३ इंचाचा, पायरीवाला एक्सपांडर. आता पातळ केससुद्धा आतून .३५३ पेक्षा लहान होते, आणि एक्सपांडर जाड-पातळ सगळ्यांना जवळजवळ एका मापावर आणतो. माझ्या मते जोडी महत्त्वाची आहे. नुसती डाय घेतली तर पकड घट्ट होईल, सारखी होणार नाही. पायरीमुळे बुलेट सरळ उभी राहते, हा वरचा फायदा.

तपासायची माझी पद्धत साधी आहे : प्रायमर आणि पावडर नसलेलं डमी काडतूस बनवायचं, बुलेटचं टोक लाकडी बाकावर टेकवून अंगठ्यांनी जोरात दाबायचं, आधी-नंतरची लांबी मोजायची. जुन्या सेटअपमध्ये पन्नासातल्या सात डमी पाच थाउहून जास्त सरकल्या होत्या. आता दर बॅचला दहा करतो, आठ महिन्यांत एकही सरकलेली नाही. बॅरल काढून त्यात काडतूस टाकून बघणंही सोडत नाही. तोंडाचा बाहेरचा व्यास सामीच्या (काडतुसांची मापं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) मानकाप्रमाणे .३८० इंचापर्यंत चालतो, माझा .३७८ च्या आसपास येतो. एका बुलेटपासून दुसरीपर्यंत वेगात पडणारा फरक मात्र मला वाटलं होतं तितका कमी झाला नाही. १२४ ग्रेनच्या बुलेटला मॅचसाठी लागणारा १२५ चा पॉवर फॅक्टर (ग्रेनमधलं वजन गुणिले वेग, भागिले हजार) गाठायला सेकंदाला १,००९ फूट लागतात, त्यामुळे मी अजूनही वर थोडी मोकळीक ठेवतो.

त्रासही आहे. प्रेसचं हँडल जड जातं. कार्बाइड डायला तेल लागत नाही म्हणतात, पण मी लॅनोलिन आणि अल्कोहोलचा फवारा मारतोच, खांदा वाचतो. डायचं तोंड कमी फाकलेलं असल्यामुळे केस जरा तिरकी आली की कडेला अडकते, आणि प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (हँडलच्या एका ओढीत सगळ्या पायऱ्या एकदम करणाऱ्या यंत्रावर) लय तुटते. बुलेट जिथे संपते तिथे केसला कंबर दिसते, दिसू दे. पितळ जास्त दाबलं-ताणलं जातं म्हणून तोंडाला चिरा लवकर पडतात, त्या केसेस मी भंगारात टाकतो.

छापाप्रमाणे निवडणं आता जवळपास बंद केलंय. फक्त आतून पायरी असलेल्या केसेस टॉर्च लावून शोधतो आणि फेकतो, कारण त्या पायरीपाशी केस तुटून पुढचा भाग चेंबरमध्ये अडकू शकतो. याला डाय काहीच करू शकत नाही.

कोटेड शिशाच्या .३५६ च्या बुलेटसाठी मात्र हा सेट आहे तसा वापरू नका. घट्ट केसमध्ये मऊ शिशाचा बूड चेपला जातो आणि बॅरलमध्ये शिसं बसतं. त्यासाठी मोठा एक्सपांडर मागवलाय, तो पुढच्या आठवड्यात येईल.