पार्तागास सेरी डी नंबर ४, अकरा महिन्यांनंतर (फोंड्याच्या हवेत)

या सिगारची पेटी आली गेल्या नोव्हेंबरात. भावोजी दुबईहून मोपाला उतरले, कस्टममध्ये तेव्हा माणशी २५ सिगार चालायच्या आणि पेटीतही बरोब्बर २५च, त्यामुळे भानगड नाही. किती पैसे गेले ते लिहीत नाही, घरात हे वाचलं जातं. आजचा हिशोब असा: १६ ओढल्या, ३ वाटल्या, २ बुरशीने खाल्ल्या, ४ शिल्लक.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. ही क्युबाची, रोबुस्टो साइज, लांबी १२४ मिमी आणि रिंग गेज ५०. रिंग गेज म्हणजे इंचाचे ६४ भाग करून त्यातले किती, म्हणजे जाडी साधारण २० मिमी, अंगठ्याएवढी. पेटीच्या तळाला कारखान्याचा कोड आणि महिना-वर्ष छापलेलं असतं, माझ्या पेटीवर एजीओ होतं. शेजारचे तात्या पोर्तुगीज शाळेत शिकलेले, ते बघून म्हणाले, "आगोश्तु रे, ऑगस्ट." स्पॅनिश असलं तरी त्यांना कळलंच. वर हेही सांगितलं की पोर्तुगीजमध्ये सिगारला शारुतू म्हणतात, आणि आपलं चिरूट नि त्यांचं शारुतू दोन्ही तमिळ सुरुट्टूचीच पोरं.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे पेटी दोन झिपलॉकमध्ये घालून तीन दिवस फ्रीजरात, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये. तंबाखूचा किडा असतो, त्याची अंडी पानात असली तर आपल्याकडच्या उकाड्यात फुटतात आणि सिगारला पिन टोचल्यासारखी भोकं पडतात. बायकोने बांगडे बाजूला सरकवून जागा दिली पण म्हणाली, "अहो, उद्या माशाला तंबाखूचा वास लागला तर तुम्हीच खायचा." लागला नाही.

आता चव. सुरुवातीला मी जे वाचलं होतं तेच शोधत बसायचो, लेदर, सीडर, एस्प्रेसो, कोको, आणि पहिल्या चार सिगारमध्ये मला खरं सांगायचं तर धूर सापडला. चुका दोन होत्या. एक म्हणजे घाई, दर पंधरा-वीस सेकंदाला झुरका, त्याने सिगार तापते आणि तापली की कडू होते, मग ती कुठल्याही देशाची असो. मिनिटाला एक झुरका पुरे. दुसरी म्हणजे नाक. धूर छातीत घ्यायचा नसतो हे माहीत होतं, पण तोंडातला थोडासा धूर हळूच नाकातून सोडायचा असतो हे माहीत नव्हतं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असलंच काय ते कळतं, बाकीचा सगळा कारभार नाकाचा. सर्दी झालेली असताना एक ओढली, ती फुकट गेली. नाकातून पहिल्यांदा सोडला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, मोहरी चढते तसं, पण त्याच्या मागून जे आलं ते मी ओळखत होतो! आमच्या कुळागरात मिरी वाळत घातल्यावर दुपारी जो वास सुटतो ना, अगदी तो.

तिथून मी ती पुस्तकी यादी सोडून दिली. माझी नोंदवही आता अशी आहे: पहिला एक-तृतीयांश भाग, वाळती मिरी आणि नवीन पेन्सिल सोलल्याचा वास (यालाच ते सीडर म्हणतात, पण स्पॅनिश सीडर हा ना स्पेनचा ना देवदार, तो आपल्या तूण झाडाच्या कुळातला, पेट्या त्याच्याच असतात). मधला भाग सगळ्यात श्रीमंत, शाकोतीच्या वाटणाला सुकं खोबरं तव्यावर भाजताना ते करपायच्या अगदी आधीचा क्षण, त्याला जोडून बिनदुधाची कॉफी, आणि कधीकधी माडाच्या गुळाचा पुसटसा गोडवा, तो मात्र दर वेळी येत नाही. शेवटचा भाग जड, चिऱ्यावर पहिला पाऊस पडल्यावरची माती आणि चपलांच्या दुकानातलं नवं कातडं. अगदी शेवटचा तुकडा मी बहुतेक वेळा सोडून देतो. भाग बदलतात तेव्हा एकदम बदलत नाहीत, राख तोडायची घाई नको, तिचा इंचभर बुंधा राहू दे, तो थोडं थंड ठेवतो.

एकदा रिकाम्या पोटी ओढली आणि गरगरलं, घाम फुटला. छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून जातं, सिगारचा धूर त्याला सोयीचा असतो. गुळाचा खडा तोंडात टाकला, अर्ध्या तासाने बरं वाटलं. आणि हो, आत ओढत नाही म्हणून सुरक्षित वगैरे काही नाही, तोंडाचा कॅन्सर यानेही होतो, म्हणूनच महिन्याला दीडच्या वर मी जात नाही.

जोडीला काय घ्यावं यावर सगळे मला काजू फेणीच सुचवतात. घेऊन बघितली. फेणीचा वास इतका दांडगा की सिगार बिचारी कोपऱ्यात उभी राहते. सोलकढीही नको, आंबट लागल्यावर धूर धातूसारखा लागतो. तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी जेवल्यावर तर जीभच बधीर, त्या दिवशी बसूच नका. साधं पाणी किंवा कोरी कॉफी, दुपारची झोप झाल्यावर चारच्या सुमाराला, हे मला सगळ्यात जमलं.

पण खरी कथा जूनमध्ये सुरू झाली. मी लाकडी ह्युमिडॉर (सिगारचा ओलावा राखायचा डबा) घेतला होता, दिसायला सुंदर, आतला आर्द्रतेचा काटा ६९ टक्के दाखवत होता, म्हणजे एकदम योग्य, ६५ ते ७० च्या मध्ये. तरी सिगार एका बाजूने जळायच्या, झुरका ओढताना गालफडं दुखायची, आणि मिरी गायब, नुसती ओल्या पुठ्ठ्याची चव. मी मनात पेटीला शिव्या घातल्या. जुलैत दोन सिगारवर पांढरट केसाळ ठिपके आले, काही जण याला मुरलेल्या पानाची साय म्हणून खूश होतात, ही साधी बुरशी होती. मग मीठ-चाचणी केली: बाटलीच्या झाकणात मीठ, ओल्या वाळूइतपत पाणी, काट्याबरोबर बंद पिशवीत एक दिवस. आत आर्द्रता ७५ वर स्थिर राहते, काट्याने ७५ दाखवायला हवं. माझ्या काट्याने दाखवलं ६८! म्हणजे सात कमी, आणि त्या ६९ च्या वेळी आत ७६ होतं. झाकणाच्या फटीतून कोकणचा पाऊस आत येत होता आणि मी क्युबाला दोष देत होतो.

लाकडी डबा आता मुलीच्या रंगांना दिला. सिगार स्वयंपाकघरातल्या रबर कडीच्या घट्ट डब्यात, बरोबर पेटीतल्या सीडरच्या फळ्या आणि ६५ ची बोव्हेडा पाकिटं, ती ओलावा देतातही आणि शोषतातही, पावसाळ्यात फुगून टम्म झाली की बदलायची.

सप्टेंबरात मित्राला बोलावून परीक्षा घेतली. दोन सिगार महिनाभर मिठाच्या डब्यात ७५ वर ठेवल्या होत्या, बाकी ६५ वर. नावाच्या पट्ट्या काढून, कापून, पेटवून तो हातात द्यायचा, दोन वेगळ्या रविवारी, मी फक्त लिहायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. पहिल्या रविवारी ४, शेरा "स्वस्तातली, बहुतेक दुसऱ्या देशाची". दुसऱ्या रविवारी ८. मित्र हसत सुटला, "अरे, दोन्ही तुझीच पेटी!"

तर या सिगारला मार्क किती? माझ्याकडून ८, पण ते ६५ वर, पोट भरलेलं, नाक मोकळं. उरलेल्या चारपैकी दोन दिवाळीला काढणार. मिठाच्या डब्यातली ती दुसरी तशीच आहे, ती ६५ वर परत आणून सुधारते का बघायचंय, आठवडाभर झाला, अजून दाबल्यावर मऊ लागते.