‘आपका नेटवर्क लायसन्स एक्सपायर हो गया है’

मुलुंड पूर्वेचं एक घर. हॉलमध्ये विंडोज १० चा जुना डेस्कटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला लेझर प्रिंटर, आणि आतल्या खोलीत सुनेचा विंडोज ११ चा लॅपटॉप. चार वर्षं लॅपटॉपवरून बिनबोभाट प्रिंट निघत होती. ब्रॉडबँडवाल्या पोराने वाय-फायचा डबा बदलला आणि त्या संध्याकाळपासून सगळं ठप्प. लॅपटॉपवर एरर ०एक्स८००७००३५, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता सापडत नाही. काका सोसायटीचे सेक्रेटरी, रविवारी सभा, नोटिसा काढायच्या राहिलेल्या. त्यांनी प्रिंटर कंपनीचं नाव टाकून पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असं शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला.

त्या नंबराच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असं लिहिलं होतं. पैसे मोजून वर आणलेली जाहिरात होती ती. प्रिंटरचा खरा नंबर वॉरंटी कार्डावर असतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

पलीकडचा माणूस अदबीने बोलला. ‘सर, आपका नेटवर्क लायसन्स एक्सपायर हो गया है, इसलिए प्रिंटर शेअर नहीं हो रहा.’ घरातल्या घरात प्रिंटर शेअर करायला कसलंही लायसन्स लागत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, आणि त्याने तेही बरोबर पेरलं. पण सपोर्ट संपणं म्हणजे नवे सिक्युरिटी अपडेट न मिळणं. त्याने शेअरिंग बंद पडत नाही.

मग त्याने एनीडेस्क, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, उतरवायला लावलं आणि नऊ अंकी नंबर विचारून घेतला. पुढची पंधरा मिनिटं निव्वळ नाटक. आधी विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडून लाल-पिवळ्या खुणांची रांग दाखवली, ‘ये सब व्हायरस है’. कालच आणलेल्या कॉम्प्युटरवरही अशा नोंदी शेकड्याने सापडतात, एखादी सर्व्हिस दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी एक पडते. मग काळ्या खिडकीत ‘नेट शेअर’ टाइप करून सी डॉलर, अॅडमिन डॉलर, आयपीसी डॉलर ही नावं दाखवली आणि ‘हॅकर ने बनाया है’ असं सांगितलं. ही तिन्ही विंडोज स्वतःच तयार करतं. शेवटी ‘एसॉक’ ही कमांड. तिच्या यादीच्या तळाशी महिरपी कंसात ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक येतो. ‘सर, आपका लायसन्स आयडी पढ़ता हूँ, मिला लीजिए.’ अक्षरन्अक्षर जुळलं. जुळणारच, तो क्रमांक जगातल्या प्रत्येक विंडोजवर एकच असतो. काकांना मात्र वाटलं, आपली फाइलच उघडून बसलाय समोरचा.

तीन वर्षांच्या ‘नेटवर्क सिक्युरिटी’चे ४,९९९ रुपये यूपीआयने गेले. आणि पैसे घेतल्यावर प्रिंट खरंच निघाली.

काका फसले ते इथे. काम झालं म्हणजे माणूस खरा, हा हिशोब कोणीही करेल. त्याने केलं काय, तर बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा डेस्कटॉपचा फायरवॉल पूर्ण बंद, पासवर्डशिवाय शेअरिंग चालू, एसएमबी १ हे फाइल शेअरिंगचं जुनं फीचर चालू, आणि अख्खा सी ड्राइव्ह ‘एव्हरीवन’ला पूर्ण हक्कासह उघडा. सगळी कुलपं काढली तर दार उघडणारच! एसएमबी १ मधल्याच भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला होता, म्हणून त्याच वर्षापासून नव्या विंडोजमध्ये ते घातलेलं नसतं. जाता जाता एनीडेस्कला कायमचा पासवर्डही ठेवून गेला, म्हणजे पुढच्या वेळी परवानगी विचारायची गरज नाही.

दहा दिवसांनी दुसरा फोन. कंपनी बंद होतेय, पैसे परत देतो. स्क्रीनवरच्या फॉर्ममध्ये ४,९९९ टाकताना एक ९ जास्त पडला, आणि नेट बँकिंगच्या पानावर ४९,९९९ जमा झालेले दिसले. ‘अरे सर, मेरी नौकरी जाएगी.’ काकांनी जास्तीचे ४५,००० परत पाठवले. जमा काहीच झालं नव्हतं. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा आकडा राइट क्लिक करून हवा तसा लिहिता येतो, तो फक्त त्या स्क्रीनपुरता बदलतो. शिल्लक बघायची ती आपल्या फोनवर बँकेच्या अॅपमध्ये, आणि एनीडेस्क फोनवर नसताना.

मूळ दुखणं दहा मिनिटांचं होतं. वाय-फायचा डबा बदलला की विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क, आणि नव्या नेटवर्कला ते बहुधा ‘पब्लिक’ समजतं. पब्लिकवर फायरवॉल शेअरिंग अडवतो. ज्याला प्रिंटर जोडलाय त्या कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग आपल्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘प्रायव्हेट’ निवडायचं. मग अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करायचं. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंगला हात लावायचा नाही.

तरी अडलं तर लॅपटॉपवर विंडोज आणि आर दाबून दोन उलट्या तिरप्या रेघा आणि डेस्कटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, टाकून बघावा. आयपीने उघडतं पण नेटवर्कच्या यादीत डेस्कटॉपचं नाव दिसत नाही, तर डेस्कटॉपवर सर्व्हिसेसमध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ऑटोमॅटिक करावी. पिंगला, म्हणजे समोरच्या मशीनला हाक मारून बघायच्या कमांडला, उत्तर आलं नाही म्हणून वायर खराब समजू नये, पब्लिकवर फायरवॉल पिंगही गिळतो. आयपीने उघडत नसेल तर दोन्हीकडे आयपीकॉन्फिग ही पत्ता दाखवणारी कमांड चालवून पत्ते ताडावेत. एक १९२.१६८.१ ने आणि दुसरा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर घरात दोन राउटर एकामागे एक लागलेत. नवा डबा आला आणि जुनाही काढला नाही की हमखास असं होतं. जुन्याला अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय पुरवेल, किंवा सरळ काढा. लॅपटॉप गेस्ट वाय-फायवर असेल तरी तो बाकीच्यांना दिसत नाही.

पासवर्ड विचारला की लोक चार अंकी पिन टाकतात. पिन फक्त त्याच मशीनवर चालतो. डेस्कटॉपवर फक्त प्रिंटसाठी एक साधं लोकल खातं पासवर्डसह काढलं की कटकट मिटते. एरर ०एक्स०००००११बी असेल तर दोन्ही मशीन अपडेट करा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, आरपीसीची (दोन मशीनमधल्या संवादाची) सुरक्षा शून्य करायचा जो उपाय सगळीकडे सांगतात, तो म्हणजे २०२१ मध्ये बुजवलेलं भोक पुन्हा पाडणं. आणि डेस्कटॉप झोपला की प्रिंटरही झोपतो, तेव्हा स्लीप बंद ठेवा.

कोणाला आत घेऊन झालंच असेल तर आधी डेस्कटॉपची इंटरनेटची वायर काढा, मग बाकीचं. जोडण्यांची नोंद उतरवून झाली की एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, जे असेल ते अनइन्स्टॉल करा, डाउनलोड्समधली फाइलही उडवा. फायरवॉल चालू, विंडोज फीचर्समधून एसएमबी १ ची खूण काढा, ‘नेट शेअर’मध्ये डॉलरवाली नावं सोडून आपण न केलेलं जे दिसेल ते बंद करा. ‘नेट यूजर’ने खाती बघा: अॅडमिनिस्ट्रेटर, गेस्ट, डिफॉल्टअकाउंट, डब्ल्यूडीएजीयुटिलिटीअकाउंट ही विंडोजची असतात, ही आणि आपली स्वतःची खाती सोडून अनोळखी नाव असेल तर शंका घ्या. त्या माणसाने काही चालवलं होतं का याची खात्री नसेल तर फाइल बाहेर काढून विंडोज नव्याने टाकणं बरं. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड गेले असंच धरा आणि ते दुसऱ्या मशीनवरून बदला. सोसायटीच्या फोल्डरमध्ये सभासदांची आधार-पॅन स्कॅन केलेली असतील तर त्यांनाही कळवावं लागेल. नको वाटतं, पण सांगायला हवं.

पैशांसाठी १९३० वर फोन, किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार, आणि त्याच वेळी बँकेला. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचा असतो, म्हणून तास मोजायचे, दिवस नाही. काकांनी लाजेपायी दोन दिवस घालवले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अनधिकृत व्यवहारांबद्दल असं म्हटलं होतं की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर गेलेल्याचं बँकेचं. यूटीआर क्रमांक (बँकेतल्या त्या व्यवहाराचा क्रमांक), फोन नंबर आणि एनीडेस्कमधली जोडण्यांची नोंद आधी कागदावर उतरवा, अनइन्स्टॉल नंतर.

तक्रारीनंतर आठवड्याने काकांना तिसरा फोन आला. ‘सायबर सेल से बोल रहा हूँ, आपका पैसा मिल गया, दस परसेंट प्रोसेसिंग फी भर दीजिए.’ या वेळी फोन सुनेने उचलला. तक्रार नोंदवायला किंवा पैसे परत मिळवायला सरकारी यंत्रणा फी घेत नाही, एवढं बोलून तिने ठेवून दिला.