बारा बोर की वीस बोर? मराठवाड्यातल्या बंदूकवाल्यासाठी नळ्यांची उलटतपासणी

बंदूक बघायला गेलेलं गिऱ्हाईक आधी नळीची लांबी बघतं, मग दस्त्याचं लाकूड, मग किंमत विचारतं. काडतुसाचा विषय शेवटी निघतो, तोही पावती फाडताना. सुरुवात खरं तर तिथूनच करायला हवी. छर्ऱ्याच्या बंदुकीचा बोर निवडायचा म्हणजे पुढची वीस वर्षं कोणतं काडतूस शोधत हिंडायचं, ते ठरवायचं.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. पाखरांसाठी कोणता बोर, हा प्रश्न जुन्या माणसांच्या तोंडी अजून असतो. पण आज १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तित्तर, लाव्हरी, बदक, भटतित्तर यांच्यावर बंदूक रोखणं हा गुन्हा आहे, मग नळी कितीही हलकी असो. परवान्यावर 'पीकसंरक्षण' लिहिलंय म्हणून रानडुक्कर किंवा रोही मारायची मुभा आपोआप मिळत नाही, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. ज्वारीवरची पाखरं उडवायला गोफण पुरते. त्यामुळे इथे 'पाखरू' म्हणजे मशीनमधून सुटणारी क्लेची तबकडी: ११ सेंटिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅम वजनाची, नाव मातीचं पण बनलेली डांबर आणि चुन्याच्या भुकटीची. उडत्या पाखराला लागू होतं ते गणित तिलाही लागू होतं.

बोरचा आकडा उलटा चालतो, इथेच नवखा माणूस फसतो. एक पाउंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोर. वीस केल्या तर गोळी लहान, म्हणून वीस बोरची नळी अरुंद. बारा बोर साधारण १८.५ मिलिमीटर, सोळा १६.८, वीस १५.६ आणि अठ्ठावीस १४. चारशे दहा हा मात्र बोर नाहीच. तो इंचाचा आकडा आहे, ०.४१० इंच, म्हणजे १०.४ मिलिमीटर.

दुसरा गैरसमज अंतराचा. 'बारा बोर लांब मारते' हे वाक्य चावडीवर सगळ्यांना मान्य असतं. छर्रे सुटायचा वेग सगळ्या बोरमध्ये जवळपास सारखाच असतो, आणि एकाच आकाराचा छर्रा कोणत्याही नळीतून सुटला तरी सारखाच मंदावतो. घेर किती पसरायचा ते चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला आवळपणा, ठरवतो, बोर नाही. बोर फक्त छर्ऱ्यांची संख्या ठरवतो. बारा बोरमध्ये २८ ते ३६ ग्रॅम शिसं सुखाने मावतं, वीसमध्ये २१ ते २८, अठ्ठावीसमध्ये २१ आणि लहान चारशे दहामध्ये अवघं १४. लांबवर घेर विरळ झाला की तबकडी दोन छर्ऱ्यांच्या मधून निसटते. बारा बोरचा लांबचा पल्ला म्हणजे हेच, जास्त छर्रे असल्यामुळे घेर जरा उशिरा विरळ होतो.

आता एकेक नळी घेऊ. बारा बोरला आमचा कौल, पण 'दणका मोठा' म्हणून नव्हे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं 'शक्तिमान' काडतूस बारा बोरचं आहे, जिल्ह्याच्या दुकानात सापडलं तर तेच सापडतं. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही बारा बोरपेक्षा मोठी नळी चालत नाही, आणि लहान कुणी आणत नाही. तिथे शिशाची मर्यादा २४ ग्रॅम आहे. तेवढंच शिसं रुंद नळीत घातलं की छर्ऱ्यांचा थर आखूड होतो, नळीला घासून चपटे होणारे छर्रे कमी निघतात आणि घेर एकसारखा पडतो. अरुंद नळीत तोच थर उंच होतो. चारशे दहाचा घेर म्हणूनच भोकाभोकांचा पडतो.

बारा बोरमध्ये मराठवाड्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो चेंबरच्या, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागेच्या, लांबीचा. निजामाच्या काळात देशमुख-जहागीरदारांच्या वाड्यांत आलेल्या विलायती दोननळ्या अजून वारसा परवान्यावर फिरताहेत. त्यातल्या बऱ्याच अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर चेंबरच्या आहेत. आजचं नेहमीचं काडतूस ७० मिलिमीटरचं. गंमत अशी की ते जुन्या चेंबरमध्ये अलगद बसतं आणि बंदूक बंदही होते, कारण तोंड घडी घालून मिटलेलं असताना काडतूस साठ मिलिमीटरच्या आतच असतं. ७० हा आकडा उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाचा आहे. चेंबर संपून नळी निमुळती होते तिथे ती घडी उघडते, वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. पहिल्यांदा उडवल्यावर काही होत नाही, दहाव्यांदाही कदाचित नाही. बिजागरी मात्र हळूहळू ढिली होत जाते. म्हणून खोक्यावरचा ६५ किंवा ७० हा आकडा वाचायचा आणि नळीच्या बुडाशी, खालच्या सपाट भागावर, कोरलेली चेंबरची लांबी बघायची. तिथे काहीच कोरलेलं नसेल तर ६५ धरून चाला आणि बंदुकसाजाकडून मोजून घ्या. तीन इंची म्हणजे ७६ च्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस चालतं, उलटं कधीच नाही.

त्याच जुन्या नळ्यांवर तपकिरी, नागमोडी वळणांची नक्षी दिसली तर ती डमास्कस. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली नळी. बहुतेक काळ्या दारूच्या हिशोबाने बनलेल्या. दिसायला देखण्या असतात, पण जोडाजोडांत आतून गंज किती गेलाय ते बाहेरून कळत नाही. आजच्या काडतुसाला त्या वापरू नयेत, एवढंच आमचं मत. भिंतीवर शोभतील. परवाना मात्र भिंतीवरच्या बंदुकीलाही लागतो.

जुनी दोननळी घ्यायचीच असेल तर दुकानात दहा मिनिटं मागून घ्या. नळ्या सोडवून बुडाच्या हुकाशी बोटावर लोंबकळत धरा आणि पेन्सिलीने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर मधल्या पट्टीची डाखणी शाबूत आहे, भद्द आवाज आला तर कुठेतरी सुटली. मग पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करा आणि हलवा. खुळखुळ जाणवली, किंवा बुडाच्या फटीत पतंगाचा कागद अडकेना, तर झीज झाली आहे. नळी उजेडाकडे धरून आत बघा. सावलीचं कडं मध्येच वाकडं दिसलं तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. दुकानदाराने 'किरकोळ आहे' म्हटलं तरी फुगवट्याची नळी घेऊ नये.

सोळा बोर ही चवदार बंदूक. वजन वीसच्या जवळ, मारा बाराच्या जवळ, आणि एक औंस शिशासाठी ती अगदी नेमकी बसते. पण काडतुसं मिळवताना नाकी नऊ येतात. वारशात आली तर जपा, विकत घेऊ नका.

वीस बोर खरी मोहात पाडते. अडीच ते पावणेतीन किलोची, खांद्याला लवकर येणारी, सडपातळ बांध्याच्या माणसाला आणि शिकणाऱ्या मुलामुलींना सोयीची. उन्हात तासभर क्लेवर उभं राहिल्यावर तिचं वजन कळतं. दोष दोन. काडतुसं बाराइतकी सहज मिळत नाहीत. दुसरा दोष जिवावरचा आहे. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या नळीत टाकलं तर घसरत पुढे जाऊन आत अडकतं. डोळ्याला चेंबर रिकामी दिसते. माणूस मागून बाराचं काडतूस भरतो आणि चाप ओढतो, नळी डाव्या हाताजवळ फाटते. म्हणूनच वीसची काडतुसं जगभर पिवळ्या रंगाची करतात. ज्या घरात दोन्ही बोर आहेत तिथे पट्टे वेगळे, पेट्या वेगळ्या, आणि एका दिवशी एकच बंदूक बाहेर.

अठ्ठावीस आणि चारशे दहा या शौकिनांच्या. हलकी म्हणून पोराच्या हाती पहिली बंदूक चारशे दहा द्यायची, ही पद्धत आम्हाला पटत नाही. १४ ग्रॅम छर्ऱ्यात उडती तबकडी फोडणं मुरलेल्या नेमबाजाला जड जातं, नवखा निराश होऊन सोडून देतो. त्याला बारा बोरच द्या, आत २४ ग्रॅमचं काडतूस घाला.

खांदा दुखतो त्याचा दोष बोरवर टाकतात, पण भानगड वजनाची असते. जुना ठोकताळा असा: काडतुसातल्या शिशाच्या ९६ पट वजन बंदुकीला हवं. २८ ग्रॅमला २.७ किलो, ३२ ला ३.१, ३६ ला साडेतीनच्या आसपास. तीन किलोच्या बंदुकीत ३६ ग्रॅमचं काडतूस भरून 'बारा बोर फार मारते' म्हणणाऱ्याने आधी खोकं उलटून वाचावं. दस्ताही मापाचा हवा. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत बहुतेकांना ३६ ते ३७ सेंटिमीटर लागतं, लांब दस्ता बगलेत अडकतो आणि आखूड असेल तर अंगठा नाकावर आपटतो.

छर्ऱ्याचा नंबर देशागणिक बदलतो. विलायती सहा नंबर २.६ मिलिमीटरचा, औंसात २७० छर्रे, तर अमेरिकी सहा २.८ चा आणि औंसात सव्वादोनशेच. तेव्हा नंबरापेक्षा खोक्यावरचे मिलिमीटर बघा. ट्रॅपला (तबकडी नेमबाजापासून दूर जाते तो प्रकार) २.४ मिलिमीटर आणि घट्ट चोक, २४ ग्रॅममध्ये सुमारे ३०० छर्रे. स्कीटला (तबकडी समोरून आडवी जाते तो प्रकार) २ मिलिमीटर आणि उघडी, म्हणजे बिनचोकची, नळी, छर्रे जवळपास ५००. आपली नळी काय करते ते कागदावर बघा. चाळीस यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, सव्वा मीटरचा चौकोनी कागद लावा, एक बार टाका, घेराच्या दाट भागाभोवती ७६ सेंटिमीटरचं वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजा. उघड्या नळीत चाळीस टक्के, हाफ चोकमध्ये साठ, फुल चोकमध्ये सत्तर टक्के छर्रे आत यायला हवेत. एका कागदावर भरवसा ठेवू नका, पाच कागदांची सरासरी घ्या. फुल चोकच्या नळीतून एकसंध गोळी मारायची नाही, आणि जुन्या नळीत पोलादी छर्रे घालायचे नाहीत. परदेशात बऱ्याच ठिकाणी पाणपाखरांसाठी शिशाला बंदी आहे म्हणून ते वापरतात (अमेरिकेत १९९१ पासून), कारण शिशाचे छर्रे गिळून बदकं मरतात. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून छर्रा दोन नंबर मोठा घ्यावा लागतो आणि त्याला जागा करून द्यायला तीन इंची बारा बोर. तिकडे लाव्हरीला वीस-अठ्ठावीस चालतात, बदकाला बाराखाली फारसं कुणी जात नाही.

रेंजसाठी जागा बघताना छर्रा शेवटी कुठे पडतो तेही धरा. ढोबळ सूत्र असं की इंचातल्या व्यासाला २२०० ने गुणलं की यार्ड मिळतात. २.६ मिलिमीटरचा छर्रा दोनशे मीटरच्या थोडा पुढे पडतो, म्हणून समोर तीनशे मीटर निर्मनुष्य रान हवं. एसजीचा मोठा छर्रा साडेसहाशे मीटर जातो. तुरीच्या ओळींत निंदणाऱ्या बाया दिसत नाहीत, हे लक्षात असू द्या.

काडतुसं पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तापलेल्या दारूचा दाब वाढतो. जुनी कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगतात आणि चेंबरमध्ये रुतून बसतात, ती ठोकून आत घालायची नसतात, दुकानात परत करायची. आणि काळ्या मातीत पाय घसरून नळीचं तोंड जमिनीला टेकलं, तर दोन बोटं चिखलाचा बूच बसलेला असतो. तो बार उडाला तरी निघून जात नाही, तिथेच नळी फुगते किंवा फाटते. बंदूक मधून उघडायची, काडतुसं काढायची, नळीतून पलीकडचं आभाळ दिसतंय का बघायचं, मगच पुन्हा भरायची.