‘स्पेस: १९९९’ की ‘ब्लेक्स ७’: एकच बघायची असेल तर

सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश विज्ञानमालिकांकडे वळलं की ‘डॉक्टर हू’नंतर ही दोन नावं हमखास पुढे येतात. पहिलीत एका स्फोटाने चंद्र कक्षेबाहेर फेकला जातो आणि त्यावरच्या अल्फा तळावरची माणसं अवकाशात भरकटतात. दुसरीत ब्लेक नावाचा बंडखोर आणि त्याचा चमू एका यानातून जुलमी सरकारशी लढतात. दोघींच्या कपाळावर शिक्का आधीच मारलेला असतो. ‘स्पेस: १९९९’ म्हणजे दिसायला देखणी पण आतून पोकळ, ‘ब्लेक्स ७’ म्हणजे लेखन चोख पण सेट पुठ्ठ्याचे. दोन्ही शेरे बऱ्यापैकी खरे आहेत. पहिल्या भागात काय खटकेल ते त्यातून कळतं. पंधराव्या भागात काय खटकेल ते मात्र कळत नाही, आणि एकीला ४८, दुसरीला ५२ भागांचा वेळ द्यायचा तर तेच आधी कळायला हवं.

देखणेपणाबद्दल वाद नाही. ‘स्पेस: १९९९’ पाइनवूड स्टुडिओत ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली. तिचे स्पेशल इफेक्ट्स सांभाळणारा ब्रायन जॉन्सन पुढे ‘एलियन’च्या ऑस्करविजेत्या चमूत होता. यानाचं दृश्य आणि ताऱ्यांचं दृश्य वेगवेगळं घेऊन नंतर एकत्र छापलं की प्रत्येक प्रतीगणिक चित्र भरड होत जातं. ते टाळण्यासाठी त्याची मंडळी यानाची प्रतिकृती काळ्या पार्श्वभूमीवर चित्रित करत, तीच निगेटिव्ह कॅमेऱ्यात मागे गुंडाळत आणि तिच्यावरच पुढचा थर घेत. एक थर चुकला की आधीची सगळी मेहनत वाया. जमलं तर मात्र चित्र अव्वल. तळावरच्या ईगल यानाच्या प्रतिकृतीही वेगवेगळ्या मापांच्या होत्या, सर्वांत मोठी ४४ इंचांची, त्यामुळे जवळच्या दृश्यातही ती खेळण्यासारखी दिसत नाही. मूळ माल ३५ मिमीचा असल्यामुळे आजच्या मोठ्या पडद्यावरही ही मालिका टिकते.

‘ब्लेक्स ७’ बीबीसीच्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे बनली: आतली दृश्यं स्टुडिओत व्हिडिओटेपवर, बाहेरची १६ मिमी फिल्मवर. व्हिडिओत सेकंदाला ५० क्षेत्रं (म्हणजे अर्ध्या चौकटी), फिल्ममध्ये २५ चौकटी. म्हणून पात्र दाराबाहेर पडलं की चित्राचा पोतच बदलतो. आत सगळं गुळगुळीत आणि लख्ख, बाहेर दाणेदार आणि मळकट. डोळ्यांना याची सवय व्हायला दोन-तीन भाग लागतात. परग्रह म्हणून बहुतेकदा खाणी नाहीतर माळरानं दिसतात. ‘टाइम स्क्वाड’मध्ये शत्रूचं ठाणं म्हणून ओल्डबरीचं खरंखुरं अणुवीज केंद्र वापरलंय, आणि ते मात्र झकास शोभतं. २०२४ मध्ये पहिल्या पर्वाची ब्लू-रे आवृत्ती आली. तिच्यात नवे स्पेशल इफेक्ट्स निवडायची सोय आहे, पण व्हिडिओटेपवरच्या दृश्यांतून नवा तपशील कुणालाच काढता येत नाही. पुठ्ठा स्पष्ट दिसतो, एवढंच.

अभिनयाचं थोडक्यात. ‘स्पेस: १९९९’च्या मार्टिन लँडाऊ आणि बार्बरा बेन यांना ‘लाकडी’ म्हणायची जुनी पद्धत आहे. मला ते थोडं अन्यायाचं वाटतं. पहिल्या पर्वाचा थंड, भेदरलेला सूर त्यांच्या संयमामुळेच जमतो. उलट ‘ब्लेक्स ७’मधले पॉल डॅरो (ब्लेकच्या चमूतला एव्हॉन) आणि जॅकलिन पिअर्स (त्यांची शत्रू सर्व्हलान) चौथ्या पर्वापर्यंत सढळ हाताने मसाला घालू लागतात. ब्रायन ब्लेस्ड दोन्ही मालिकांत आहे आणि दोन्हीकडे सारखाच गरजतो.

आता समीक्षकांचा लाडका मुद्दा: विज्ञान. विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्हने १९७५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून ‘स्पेस: १९९९’चा समाचार घेतला. गणित अवघड नाहीच. चंद्र पृथ्वीभोवती सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने फिरतो. त्याला पृथ्वीच्या पकडीतून सोडवायला सुमारे १.४ किलोमीटर पुरेत. पण सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. चंद्राने सेकंदाला हजार किलोमीटर गाठले तरी तिथे पोचायला बाराशेहून जास्त वर्षं लागतील, आणि एवढा वेग देणाऱ्या स्फोटात चंद्राचा भुगा होईल. मालिकेत मात्र दर आठवड्याला नवा ग्रह हजर. ‘ब्लॅक सन’मधलं कृष्णविवर आणि दुसऱ्या पर्वातली अवकाशातली वळणं ही त्यावरची ठिगळं.

एवढं असूनही माझ्या लेखी ही चूक निर्णायक नाही. एक अशक्य गोष्ट सुरुवातीला मान्य करायची आणि पुढे चालायचं, हा या प्रकारातला जुना करार आहे. ‘ब्लेक्स ७’चं टेलिपोर्टही (माणसाला क्षणात यानावरून ग्रहावर पोचवणारं यंत्र) काही पाठ्यपुस्तकातून आलेलं नाही. ‘स्पेस: १९९९’ हातची जाते ती दुसऱ्याच कारणाने: तिला काहीही आठवत नाही.

अल्फा तळावर ३११ माणसं आहेत. बाहेरून मदत नाही, कारखाना नाही, परतीची वाट नाही. म्हणजे प्रत्येक ईगल, प्रत्येक माणूस, प्राणवायूची प्रत्येक टाकी यांचा हिशेब हेच खरं तर या कथेचं नाट्य व्हायला हवं. प्रत्यक्षात ईगल फुटतात आणि पुढच्या भागात तळावर पुन्हा रांगेत उभी असतात. माणसं मरतात, त्यांचं नावही पुन्हा निघत नाही. एका भागात अख्ख्या तळाची धूळधाण उडते, दुसऱ्यात भिंतीवर ओरखडाही नसतो. पहिल्या काही भागांत हे चालून जातं. डझनभर भाग झाले की धोक्याच्या प्रसंगी छातीत धडधडणंच बंद होतं, कारण काहीही झालं तरी आठवड्याने पाटी कोरी होणार हे पाठ झालेलं असतं.

यामागे आळसापेक्षा बाजार जास्त होता. मालिका आयटीसी या कंपनीची, म्हणजे तिचा प्रमुख लू ग्रेड याच्या जगभर विकायच्या मालातली. अमेरिकेत मोठ्या वाहिन्यांनी ती घेतली नाही, तेव्हा ती थेट स्थानिक केंद्रांना विकली गेली. ब्रिटनमध्येही आयटीव्ही या खासगी वाहिनीच्या वेगवेगळ्या प्रदेशांत ती वेगवेगळ्या वेळी दिसली. कोण कुठला भाग कोणत्या क्रमाने दाखवेल याचा भरवसा नसेल, तर प्रत्येक भाग सुटा लिहावा लागतो. हिशेब ठेवणं धंद्याला परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या पर्वात या विसराळूपणाचा कळस होतो. ‘स्टार ट्रेक’च्या तिसऱ्या पर्वाचा निर्माता फ्रेड फ्रायबर्गर आला, आणि प्राध्यापक बर्गमन, पॉल मॉरो, कानो ही पहिल्या पर्वातली ठसठशीत माणसं चकार शब्दाशिवाय गायब झाली. मुख्य नियंत्रण कक्षाचा भव्य सेट गेला, त्याजागी भूमिगत खुराडं आलं. टोनी व्हर्देशी नावाचा गृहस्थ जणू जन्मापासून इथेच होता असा वावरतो. रूप पालटणारी माया कॅथरिन शेलने गोड रंगवलीय, पण तीच शेल पहिल्या पर्वातल्या ‘गार्डियन ऑफ पिरी’मध्ये वेगळ्या भूमिकेत दिसली होती, हेही आपणच विसरायचं. बॅरी ग्रेचं संगीतसुद्धा बदललं.

‘ब्लेक्स ७’ची स्मरणशक्ती शाबूत आहे, आणि तिचं आजचं नाव मुख्यतः त्यावर उभं आहे. प्रसारणाच्या काळात तिची टवाळी झाली ती सेटवरून. पुढे दीर्घ कथासूत्राच्या मालिका रूढ झाल्यावर लोकांना तिचं मोल कळलं. टेलिपोर्टसाठी मनगटात घालायचं कडं हरवलं की माणूस ग्रहावर अडकतो, म्हणून कडं हरवणं हे खरं संकट असतं. दुसऱ्या पर्वातल्या ‘प्रेशर पॉइंट’मध्ये एका हल्ल्यात चमूतला एक जण मरतो (कोण ते सांगत नाही), आणि पुढचा ‘ट्रायल’ हा भाग त्या मृत्यूचं ओझं घेऊनच सुरू होतो. त्या हल्ल्यातून उरलेला प्रश्न पर्वाच्या शेवटी ‘स्टार वन’पर्यंत पोचतो. पटकथा-संपादक ख्रिस बाउचरचं हे श्रेय. टेरी नेशनने कल्पना दिली, पण दोरा बाउचरने ओवला.

चौथ्या पर्वातला ‘ऑर्बिट’ याचं उत्तम उदाहरण. शटलला ग्रह सोडण्याइतका वेग मिळत नाहीये. सुटं करता येईल ते सगळं बाहेर फेकून झालंय. अजून ७० किलो कमी व्हायला हवेत. संगणक ओरॅक थंडपणे कळवतो की सोबत असलेल्या चमूतल्या व्हिलाचं वजन ७३ किलो आहे, आणि एव्हॉन व्हिलाला शोधायला निघतो. सेट म्हणाल तर दोन भिंती आणि एक दार. तरी त्या ७० किलोंमध्ये जो ताण आहे तो ‘स्पेस: १९९९’ला अख्खा चंद्र उधळूनही क्वचितच साधला. हा प्रसंग चालतो, कारण या दोघांनी आधीच्या पन्नासेक भागांत एकमेकांशी काय काय केलंय ते आपल्याला आठवतं, आणि त्यांनाही.

दोष तिच्यातही आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. पहिल्या पर्वाचे तेराही भाग एकट्या नेशनने लिहिले, त्याचा थकवा मध्यावर जाणवतो. ‘द वेब’ सहन करावा लागतो. ब्लेकचा शत्रू ट्रॅव्हिस याचं काम करणारा नट दुसऱ्या पर्वात बदलतो. ज्याचं नाव मालिकेला आहे तो ब्लेकच दोन पर्वांनंतर निघून जातो. तिसऱ्याच्या शेवटी ‘टर्मिनल’मध्ये कथा मिटवून टाकली होती, बीबीसीच्या वरिष्ठांना तो भाग आवडला आणि आणखी एक पर्व येत असल्याची घोषणा शेवटच्या श्रेयनामावलीवरच झाली. त्यामुळे चौथ्याची सुरुवात घाईची वाटते, नवं यान स्कॉर्पिओ जुन्या लिबरेटरपुढे फिकं पडतं, आणि ‘अ‍ॅनिमल्स’ खुशाल वगळावा असा आहे.

तेव्हा रविवारी दुपारी अधूनमधून एखादा भाग, मोठा पडदा, डोळ्यांना मेजवानी असा बेत असेल तर ‘स्पेस: १९९९’ घ्या, त्यात कमीपणा नाही. क्रमाची फिकीर नको. ‘ब्रेकअवे’ बघून ‘ब्लॅक सन’, ‘फोर्स ऑफ लाइफ’, ‘मिशन ऑफ द डेरियन्स’ आणि ‘ड्रॅगन्स डोमेन’ गाठा. शेवटच्यातला श्वापदाचा प्रसंग आजही अंगावर येतो. दुसऱ्या पर्वातला ‘द मेटामॉर्फ’ मायाच्या प्रवेशासाठी पुरे. ‘ऑल दॅट ग्लिस्टर्स’मधला जिवंत दगड आणि ‘द रूल्स ऑफ लूटन’मधली न्याय देणारी झाडं कुणी कितीही आग्रह केला तरी टाळावीत.

सलग बघणार असाल तर मात्र मी ‘ब्लेक्स ७’कडे बोट दाखवेन. ‘द वे बॅक’, ‘स्पेस फॉल’ आणि ‘सिग्नस अल्फा’ हे एकाच कथेचे तीन तुकडे समजून एका बैठकीत बघा. पहिल्याच भागात सरकार ब्लेकवर जो खोटा आरोप ठेवतं तो घाणेरडा आहे, घरात लहान मुलं असतील तर आधी स्वतः बघून घ्या. मत बनवायचं ते सहाव्या भागानंतर, कारण सर्व्हलान आणि ट्रॅव्हिस ‘सीक-लोकेट-डिस्ट्रॉय’मध्ये येतात आणि तोवर मालिकेला नीट शत्रूच नसतो. ‘ट्रायल’ कधीही ‘प्रेशर पॉइंट’च्या आधी लावू नका. आणि डिसेंबर १९८१चा अखेरचा भाग, ज्याचं नाव नुसतं ‘ब्लेक’ आहे, त्याबद्दल काहीही वाचायचं नाही. डिस्कच्या डबीवरचा मजकूरसुद्धा नाही.