आफ्रिकेतल्या सेवाफेरीसाठी इंडिया मार्क टू हापसा: कुठे घ्यावा, कुठे नको

मिरज-सांगलीकडच्या चर्चमधून आफ्रिकेतल्या खेड्यात पाण्याच्या कामाला जायचे ठरले की आधी इंडिया मार्क टूच डोळ्यांसमोर येतो. साहजिक आहे. जत-आटपाडीच्या बोअरवर हाच हापसा दिसतो, त्याची आधीची रूपे सोलापूर-जालन्याकडे मिशनच्या पाणीकामातून घडली आणि युगांडात हाच यू-टू नावाने बसवतात. दांडा ४० वेळा हापसला की १५ लिटरची कळशी भरते, दिवसभर रांग लागली तरी कुरकुरत नाही. यंत्र म्हणून पैकीच्या पैकी गुण.

पण आपल्याकडे बसवतो तसाच्या तसा तिकडे बसवू नका. खोड पाइपात आहे. आपल्या काळ्या कातळातले पाणी बहुधा अल्कधर्मी, त्यात जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप टिकतो. आफ्रिकेत जुन्या ग्रॅनाइटसारख्या खडकातले पाणी पुष्कळ ठिकाणी आम्लधर्मी निघते. पीएच ६.५ च्या खाली असला की जस्ताचा थर झडतो, पाणी तांबूस येते, कपड्यांवर डाग पडतात आणि बायका पुन्हा ओढ्याची वाट धरतात. पुढे आटे खाऊन पाइप बोअरमध्येच तुटतो. म्हणून ऑर्डर देण्याआधी पीएच मोजून मागवा. कमी असेल तर पाइप आणि त्यातून दांड्यापासून दट्ट्यापर्यंत जाणाऱ्या सळया स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. महाग पडतात, तरी इथे काटकसर नको.

दुसरी उणीव दुरुस्तीची. दट्ट्याचा वायसर बदलायचा तरी सगळे पाइप वर काढावे लागतात. ३० मीटरला जीआय पाइप, सळया आणि आतले पाणी धरून दीडशे किलोच्या आसपास वजन होते. पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प नीट आवळला नाही तर सगळे खाली जाते. याच्याच पुढच्या मार्क थ्री हापशात पाइप ६५ मिलिमीटरचा असल्याने दट्ट्या आणि तळाचा व्हॉल्व्ह आतूनच निघतो. मलावी-मोझांबिकमध्ये मात्र आफ्रिदेव्ह हा दुसरा हापसाच न्यावा. पीव्हीसी पाइप, जवळपास सगळे काम एका पान्यात, आणि सुटे भाग तिथल्या बाजारात मिळतात. मार्क टू कितीही चांगला असला तरी वायसरसाठी परदेशाकडे बघावे लागणार असेल तर तो गावाच्या उपयोगाचा नाही.

पाणी फार वर असेल तिथेही मार्क टू टाळा. सळयांचे वजन कमी पडते, दट्ट्या खाली जात नाही, दांडा आणि सळई जोडणारी साखळी सैल पडून दांडा आपटतो.

नवा बसवण्याआधी गावातला बंद हापसा तपासाच, बऱ्याचदा तेवढ्यात काम होते. धार चालू झाली की हापसणे सोडून अर्धा तास थांबा. मग पाणी यायला पाचापेक्षा जास्त हापसे लागले तर तळाचा व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा जोड गळतो. ४० हापशांत १० लिटरही भरत नसेल तर वायसर झिजलेत. दांडा हलका लागतो आणि पाणीच नाही, तर बहुधा सळई सुटलेली असते. याचा सराव निघण्याआधी ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन इथल्याच एखाद्या बंद हापशावर करावा.

चौथऱ्याचे काँक्रीट निदान ७ दिवस ओले ठेवावे लागते. आठवड्याच्या फेरीत ते बसत नाही. हापशाचे पाय रोवून चौथरा तिथल्या गवंड्याकडून आधीच ओतून घ्या आणि पाइप उतरवताना गावातली माणसे पान्यावर ठेवा, कारण पुढची दुरुस्ती त्यांनाच करायची आहे.