लाइन तपासणीसाठी क्यूग्राउंडकंट्रोल: हंगामभर वापरल्यानंतर

पाऊस उघडल्यापासून घाटमाथ्यावरच्या २२० केव्ही वीजवाहिनीच्या (लाइनच्या) तपासणीची ड्रोन-उड्डाणं क्यूग्राउंडकंट्रोल या उड्डाण आखण्याच्या सॉफ्टवेअरवरच आखतोय. फुकट, मुक्तस्रोत, अँड्रॉइड टॅबवर चालतं. दिसायला रुक्ष आहे, पण हात बसतो.

यातलं ‘कॉरिडॉर स्कॅन’ लांबट कामासाठीच आहे. लाइनची केएमएल फाइल (नकाशावरचा मार्ग) द्यायची, रुंदी भरायची (२२० केव्हीचा राखीव पट्टा ३५ मीटर, १३२चा २७), कॅमेरा निवडायचा. समांतर फेऱ्या तेच आखतं. तारांजवळ आलेली झाडी, पट्ट्यात कुणी टाकलेली शेड, हे बघायला झकास. टॉवरसाठी मात्र निरुपयोगी. वरून काढलेल्या फोटोत इन्सुलेटरची (तार टॉवरपासून अलग ठेवणाऱ्या साखळीची) तडकलेली डिस्क किंवा गळून पडलेली स्प्लिट पिन (जोड निसटू न देणारी खीळ) दिसत नाही. तिथे टॉवरगणिक वेपॉइंट (ड्रोनने जायची ठिकाणं) आणि कॅमेऱ्याचा कोन आपणच भरायचा. कंटाळवाणं काम, पण एकदा केलेला प्लॅन पुढच्या वर्षीही चालतो.

बॅटरी खरी खाते ती रिकामी परत, म्हणजे काम न करता माघारी येणं. सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. डबल सर्किट लाइनवर (एकाच टॉवरच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र वाहिन्या) जाताना एका बाजूचं सर्किट, येताना दुसरीकडचं, असं आखलं की परतीचा प्रवासही कामाचा होतो. गाडी टोकाला नाही, मधल्या टॉवरजवळ लावायची. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा असल्याने दोन्ही अंगांना सारखंच जाता येतं. जमेल त्या अंगाला जाताना वाऱ्याच्या तोंडावर, येताना वारा पाठीशी.

उंचीच्या बाबतीत डोकं शाबूत हवं. ‘जमिनीपासून उंची’ हा पर्याय दरी-डोंगर ओळखतो, पण त्याच्या लेखी टॉवर आणि तारा नसतातच. त्यातून आरटीएलची, म्हणजे आपोआप परतण्याची उंची मोजली जाते उड्डाणाच्या जागेपासून. दरीत उभं राहून उडवलं तर खाली सुरक्षित वाटणारा आकडा चढावरच्या तारांपाशी तोकडा पडतो, आणि ड्रोन येतो सरळ रेषेत. म्हणून जागा निवडायची ती टेकाडावरची, शक्यतो तारा ओलांडाव्या लागणार नाहीत अशी. वाढवायची म्हणून उंची वाटेल तेवढी वाढवता येत नाही; पूर्वपरवानगी न लागणाऱ्या ग्रीन झोनमध्येही १२० मीटरची मर्यादा आहेच. नकाशा आणि उंचीची माहिती घरूनच उतरवून घ्या, घाटात रेंज मिळेलच असं नाही.

थर्मल, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या फेऱ्या मी वेगळ्या ठेवतो. जंपर (टॉवरवर दोन बाजूंच्या तारा जोडणारा तुकडा) आणि जॉइंट तापलेले दिसायला लाइनवर लोड, म्हणजे पुरेशी वीज वाहती हवी आणि ऊन नको, त्यामुळे ती वेळ सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करूनच ठरते.